कायद्याचा मसुदा आणि शेतकऱ्यांचें म्हणणें

कायदेमंडळाचें अधिवेशन मुंबईस किंवा नागपुरास भरण्याचे दिवस जवळ आले म्हणजे व्यापाऱ्यांच्या व कारखानदारांच्या संस्थांमध्यें जी लगबग सुरू होते ती पाहण्यासारखी असते. कोणतें विधेयक येणार, त्यांतील कोणतें कलम कोणत्या धंद्यास जाचक होणार, कराचा दर एका टक्क्यानें वाढल्यास मालाच्या किंमतींत किती फरक पडणार, याचे तक्ते तयार होतात; अर्ज लिहिले जातात; मंत्र्यांच्या भेटीच्या वेळा ठरतात. त्याच सुमारास आमचा शेतकरी रब्बीच्या कामांत गढलेला असतो आणि त्या विधेयकाचें नांवहि त्याच्या कानीं आलेलें नसतें. पुढें तें मंजूर होतें, त्याखालीं नियम होतात, चावडीवर नोटीस लागते, आणि मग तो खडबडून जागा होऊन रस्त्यावर उतरतो. तोंपर्यंत शाई वाळलेली असते.

याबद्दल व्यापाऱ्यांस दोष देण्याचें कांहीं कारण आम्हांस दिसत नाहीं. मुंबईंतील युरोपियन व्यापाऱ्यांनीं आपलें चेंबर १८३६ सालींच स्थापिलें. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें महाराष्ट्र चेंबर १९२७ सालीं निघालें, आणि पुण्याचें मराठा चेंबर १९३४ सालीं. या संस्थांचें मुख्य कामच असें कीं, सरकारचा विचार कच्चा असतां त्याला आपल्या धंद्याची बाजू समजावून द्यावी. धंद्यानें सरकारपुढें आपली बाजू मांडणें हें लोकशाहींत गैर नाहीं. उलट तें न मांडणाऱ्या धंद्याची बाजू कोणाच्या ध्यानांत येत नाहीं हाच रोजचा अनुभव आहे. शेती हा या राज्यांतील सर्वांत अधिक माणसांस पोसणारा धंदा असून त्याला मात्र अर्ज लिहिण्याची संवय नाहीं. मोर्चाची आहे.

विधानसभेंत शेतकऱ्यांच्या घरचे पुष्कळ सभासद आहेत, मग निराळें म्हणणें मांडण्याची गरज काय, असें कोणी विचारील. सभासद हा सबंध मतदारसंघाचा असतो, एका धंद्याचा वकील नव्हे. त्याच्या मतदारसंघांत अडते, कारखाने, शाळांचे चालक व पाण्याचे टँकरवालेहि असतात. विधानपरिषदेच्या ७८ जागांपैकीं ७ पदवीधरांसाठीं व ७ शिक्षकांसाठीं राखलेल्या आहेत. शेतकऱ्यांसाठीं तशी एकहि नाहीं. राज्यपालांनीं नेमावयाच्या १२ जणांच्या पात्रतेंत सहकारी चळवळीचें नांव आहे खरें, पण त्या वाटेनें कोण आंत जातात हें आमच्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाहीं.

अर्जानें व आंकड्यांनीं काय साधतें हें जुन्या मुंबई इलाख्यांतील बारडोलीनें दाखविलेलेंच आहे. १९२८ च्या त्या लढ्याची आठवण सर्वांस आहे ती वल्लभभाईंच्या सत्याग्रहाची व जप्त झालेल्या म्हशींची. पण साऱ्यांत झालेली २२ टक्के वाढ शेवटीं उतरली ती ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांच्या चौकशीनें, आणि त्या चौकशीपुढें शेतकऱ्यांची बाजू हिशेबानिशीं मांडण्यास नरहरि परीख व महादेव देसाई यांच्यासारखीं माणसें हजर होतीं. सेटलमेंटच्या अधिकाऱ्यांनीं खंडाचे जे आंकडे आधाराला घेतले होते ते गांवोगांव तपासून पाहतां टिकले नाहींत, आणि वाढ सुमारें सहा टक्क्यांवर आली. सत्याग्रहानें चौकशीचें दार उघडलें. आंत गेल्यावर वह्या उपयोगी पडल्या. आम्ही पहिला अर्धा भाग स्मरणांत ठेवला आणि दुसरा विसरलों, असें खेदानें म्हणावें लागतें.

आतां आजच्या कराकडे वळूं. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर सुरू झाला. त्यांतील निम्मा वाटा राज्याच्या कायद्याखालीं गोळा होतो, आणि दर ठरविणाऱ्या परिषदेंत राज्याचे अर्थमंत्रीहि बसतात. म्हणून हा प्रश्न केवळ दिल्लीचा आहे असें समजणें चूक आहे. शेतमाल करमुक्त ठेवला म्हणून त्या वेळीं सर्वत्र समाधान व्यक्त झालें. परंतु करमुक्त या शब्दाचा गोडवा बाजूस सारून हिशेब काय सांगतो तें पाहावें. कारखानदार कच्च्या मालावर जो कर भरतो तो त्याला आपल्या विक्रीच्या करांतून वजा करून मिळतो. शेतकऱ्याच्या मालावर विक्रीचा करच नाहीं, म्हणून खतावर, औषधावर, ठिबकच्या नळीवर, ट्रॅक्टरच्या टायरवर भरलेला कर त्याला कशांतूनहि वजा करतां येत नाहीं. तो त्याच्याच अंगावर राहतो. द्राक्षबागाइतदारानें एका हंगामांत लाख रुपये मूळ किंमतीचीं रासायनिक कीटकनाशकें घेतलीं, तर १८ टक्क्यांनीं १८,००० रुपये कर झाला. तो बाजारभावांत मिळविण्याची शक्ति त्याच्यापाशीं नाहीं, कारण भाव तो ठरवीत नाहीं. ज्याला कर लागत नाहीं असें आपण म्हणतों तोच कर भरून परत न मिळणारा या व्यवस्थेंतील एक मोठा वर्ग आहे.

दर बदलतच नाहींत असेंहि नाहीं. खतांवर १२ टक्के कर ठरला होता, तो कायदा अमलांत येण्याच्या आदल्याच दिवशीं, ३० जून २०१७ रोजीं, ५ टक्के करण्यांत आला. ट्रॅक्टरच्या कांहीं सुट्या भागांवरील २८ टक्के त्याच बैठकींत १८ वर आले. पुढें २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर, त्याचे टायर व भाग, ठिबक व तुषार सिंचनाचें साहित्य आणि जैविक कीटकनाशकें यांवरील कर ५ टक्क्यांवर आणला गेला. हें चांगलें झालें. पण मधल्या आठ वर्षांत ज्यांनीं ठिबकचे संच १२ टक्के, आणि कांहीं काळ त्याहून अधिक, कर भरून घेतले त्यांचें काय? ट्रॅक्टरच्या टायरांवर इतकीं वर्षें चढा दर राहिला तो कोणाच्या हितासाठीं, हें विचारण्यास आमच्यापैकीं कोण गेले होते?

बेदाण्याचें उदाहरण तर अगदीं आपल्या दारचें आहे. सांगली, तासगांव, पंढरपूर या भागांत द्राक्षें रॅकवर वाळवून बेदाणा करणारा शेतकरीच असतो. तो कांहीं कारखानदार होत नाहीं. तरी बेदाणा हा प्रक्रिया केलेला माल कीं शेतमाल, हा घोळ चालूच राहिला. शेवटीं २१ डिसेंबर २०२४ च्या परिषदेच्या बैठकींत असा खुलासा झाला कीं, शेतकऱ्यानें स्वतः विकलेल्या बेदाण्यावर हा कर नाहीं. साध्या दोन ओळींचा खुलासा, आणि त्यास साडेसात वर्षें लागलीं! मूळ मसुद्याच्या वेळींच बेदाणा कसा तयार होतो याचें एक पानभर टिपण योग्य त्या टेबलावर गेलें असतें तर इतका काळ गेला नसता, असें आमचें मत आहे.

मग मागावें काय? नुसती सूट मागून उपयोग नाहीं, हें वरील हिशेबावरून दिसेलच. जर्मनीसारख्या युरोपांतील कांहीं देशांत लहान शेतकऱ्यांसाठीं अशी सोय आहे कीं, माल घेणारा नोंदलेला व्यापारी किंमतीवर कायद्यानें ठरलेली कांहीं टक्के रक्कम शेतकऱ्यास भरपाई म्हणून देतो व ती आपल्या करांतून वजा करून घेतो. शेतकऱ्यास विवरणपत्रें भरावीं लागत नाहींत आणि निविष्ठांवरील कर बऱ्याच अंशीं परत मिळतो. आपल्याकडे ती पद्धति जशीच्या तशी चालणार नाहीं. कारण खरेदीदार जेथें करच भरीत नाहीं तेथें तो वजा कशांतून करणार? परंतु साखर, सूत, तेल असा कर लागणारा माल करणाऱ्या खरेदीदारांच्या बाबतींत ती आजमावून पाहण्यास काय हरकत आहे? आणि जेथें ती चालत नाहीं तेथें कीटकनाशकांवरील १८ टक्के ५ वर आणावेत, इतकी मागणी तर सरळ आहे. ती करतांना मात्र औषधांचा बेसुमार वापर वाढूं नये याचाहि विचार आम्हींच मांडला पाहिजे, नाहींतर दुसरा कोणी मांडील व तो आमच्या विरुद्ध मांडील.

शिक्षणाविषयीं थोडक्यांत लिहितों. कर आणि शिक्षण यांचा संबंध प्रथम जोडून दाखविला तो जोतीराव फुले यांनीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं स्पष्ट सांगितलें कीं, सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामांतून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. साऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकल फंड म्हणून कुणब्याकडून घेतला जाई. त्यांतील शाळेचा हिस्सा कुणब्याच्या मुलापर्यंत कितपत पोंचतो, हा त्यांचा सवाल होता. आज काळ बदलला आहे. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथें कृषि विद्यापीठें उभीं आहेत. पण २०२३ सालीं वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार शिक्षणखात्यानें मांडला तेव्हां शेतवस्त्यांवरील मुलांचें काय होणार, हा प्रश्न मुख्यतः शिक्षकांच्या संघटनांनीं विचारला. शिक्षकांनीं तो विचारला याबद्दल त्यांचे आभार. परंतु वस्तीवरची सहा वर्षांची मुलगी ओढा ओलांडून चार मैल जाणार कीं घरीं राहणार, हें त्या मुलीच्या बापानें आधीं सांगावयास हवें होतें, आणि नकाशासह सांगावयास हवें होतें: किती मुलें, कोणती वाट, पावसाळ्यांत किती दिवस पूर येतो. असा नकाशा काढण्यास एका शाळामास्तराची व दोन शेतकऱ्यांची एक संध्याकाळ पुरते.

आतां ज्या प्रश्नावर आमच्या सभासदांमध्यें मतभेद आहेत, व जो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याकडे येतों. तो प्रश्न विहिरीच्या पाण्याचा.

महाराष्ट्र भूजल कायदा विधिमंडळानें २००९ सालीं मंजूर केला. राष्ट्रपतींची संमति २०१३ सालीं मिळाली आणि २०१४ पासून तो अमलांत आला. त्याआधीं १९९३ चा कायदा होता, पण तो पिण्याच्या पाण्याच्या उद्भवांपुरता. नव्या कायद्यानें ६० मीटर, म्हणजे सुमारें दोनशें फुटांहून खोल विहिरीस किंवा बोअरला खोल विहीर ठरविलें; अधिसूचित क्षेत्रांत नवीन खोल विहिरींस मनाई केली; असलेल्या खोल विहिरींतील उपशावर उपकर बसविण्याचा अधिकार प्राधिकरणास दिला; आणि अशा क्षेत्रांत जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर निर्बंध घालण्याचीहि तरतूद केली. २०१८ सालीं सरकारनें त्याखालील नियमांचा मसुदा राजपत्रांत प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविल्या. किती गांवांच्या ग्रामसभेंत तो मसुदा वाचला गेला? आमच्या माहितीच्या टापूंत तरी वाचल्याचें ऐकिवांत नाहीं. आरडाओरड झाली ती वर्तमानपत्रांत बातमी आल्यावर, आणि तीहि अशी कीं सरकार विहिरींवर कर बसवीत आहे. साठ मीटरांचा उल्लेखहि त्या आरड्यांत नव्हता.

आमचें मत आम्ही स्पष्ट सांगतों, कोणास तें रुचो वा न रुचो. खोलीची मर्यादा योग्य आहे. महाराष्ट्राची बहुतेक भूमि काळ्या पाषाणाची. तिच्यांत पाणी धरणारा थर म्हणजे वरचा मुरूम व भेगाळलेला खडक. त्याखालीं पाचशें, आठशें फूट गेल्यावर जें पाणी लागतें तें पुष्कळदां जुनें सांचलेलें असतें. पावसानें तें सहज भरून येत नाहीं. एकानें सहाशें फुटांचें बोअर घेतलें म्हणजे शेजाऱ्याच्या पंचेचाळीस फुटी विहिरीचें पाणी माघांतच तळ गांठतें, मग शेजारीहि कर्ज काढून सातशें फूट जातो. यांत पैसा मिळतो तो बोअरच्या गाडीवाल्यास. या शर्यतीस कायद्यानें लगाम घातला तर तो शेतकऱ्याचा शत्रु नव्हे.

पण तो लगाम कोणाच्या हातीं द्यावा आणि उपकर कोणावर पडावा, याविषयीं आमचें म्हणणें निराळें आहे, व तें मसुद्याच्या वेळींच ठासून सांगण्यासारखें होतें. एकाच खोलीच्या दोन बोअरपैकीं एकावर तीन एकर कोरडवाहूंतील मोसंबी जगते आणि दुसऱ्यावरून उन्हाळाभर टँकर भरून पाणी विकलें जातें. या दोघांस एका मापानें मोजणें अन्याय होईल. पाणी विकणारे, बाटल्या भरणारे व कारखाने यांवर उपकर आधीं व अधिक असावा. शेतीवर तो बसवावयाचा तर एका विहिरीवर न बसवितां पाणलोटाच्या सामाईक हिशेबावर बसवावा. ज्या गांवानें आपला उपसा पावसाच्या मापांत ठेवला त्यास तो मुळींच लागूं नये.

आणि हें स्वप्न आहे असें कोणी म्हणूं नये. पुरंदर तालुक्यांत नायगांव येथें विलासराव साळुंखे यांनीं १९७० नंतरच्या दशकांत पाणी पंचायतीची रीत घालून दिली. पाण्याचा हक्क जमिनीच्या धारणेवर न ठेवतां माणशी अर्धा एकर याप्रमाणें ठरे, आणि सामाईक पाण्यावर ऊंस लावतां येत नसे. नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें सिंचनासाठीं बोअर घेण्यास स्वतःच बंदी केली, आणि दरवर्षीं पावसाचा आंकडा पाहून कोणतीं पिकें किती घ्यावयाचीं हें ग्रामसभेंत ठरविण्याची रीत पाडली. दोन्ही ठिकाणीं नियम शेतकऱ्यांनीं केले व शेतकऱ्यांनीं पाळले. असे दाखले हातीं असतां आम्ही मसुद्यावर बोललों नाहीं, ही गोष्ट मनाला लागते.

नदीच्या बाबतींत काय झालें तें पाहावें. नदीकांठापासून ठराविक अंतरांत कोणते कारखाने असूं नयेत हें ठरविणारें नदी नियमन क्षेत्राचें धोरण राज्यानें २००० सालीं केलें व २००९ सालीं सुधारलें. उद्योगांच्या वाढीस तें अडथळा आहे असें म्हणणें सतत मांडलें गेलें, आणि २०१५ सालीं तें रद्द झालें. प्रदूषणाचे इतर कायदे आहेतच, असें त्याचें समर्थन करण्यांत आलें. असतीलहि. पण त्या नद्यांचें पाणी खालच्या अंगाला उपसून ऊंस, भाजीपाला व गवत पिकविणाऱ्यांचें म्हणणें त्या चर्चेंत आमच्या कानीं फारसें आलें नाहीं. कारखानदारांनीं आपलें काम केलें, एवढेंच यावर म्हणतां येईल.

आम्हीं स्वतःसाठीं केवळ सवलतीच मागत गेलों तर आमचा अर्ज कोणी वाचणार नाहीं, ही गोष्ट या निमित्तानें सभासदांनीं लक्षांत घ्यावी. कारखान्याच्या सांडपाण्यावर बोट ठेवावयाचें आणि शेतांतून वाहून जाणाऱ्या युरियाबद्दल मौन धरावयाचें, हें चालणार नाहीं. टँकरवाल्यावर उपकर मागतांना आपल्या बोअरची खरी खोली सांगावी लागेल. कित्येक सभासद ती सांगण्यास कचरतात हें आम्हांस ठाऊक आहे. नोंद झाली म्हणजे कर येईल अशी त्यांस भीति वाटते. नोंद नसतांना कर आला तर तो किती असावा हें सांगण्यासहि त्यांच्यापाशीं आधार नसेल.

म्हणून येत्या हंगामापासून आपल्या संस्थेनें करावयाचें काम आम्ही सुचवितों. राज्याचें राजपत्र आतां संगणकावर कोणासहि पाहतां येतें. तें दर आठवड्यास चाळून शेती, पाणी, बाजार, शाळा व कर यांविषयींचे मसुदे वेगळे काढण्यास एक तरुण सभासद नेमावा; त्यास थोडें मानधन द्यावें, कारण फुकटचें काम दोन महिन्यांत बंद पडतें. नियमाचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठीं मुदत असते, ती पुष्कळदां एक महिन्याचीच; तेवढ्यांत मराठींत त्याचा सारांश या मासिकांत यावा व तालुक्याच्या बैठकींत वाचला जावा. केंद्र सरकारनें मसुदे निदान तीस दिवस लोकांपुढें ठेवावेत असें धोरण २०१४ सालीं ठरविलें आहे. राज्यानेंहि विधेयकांच्या बाबतींत तसा नियम स्वतःवर घालून घ्यावा, हा आपला पहिला अर्ज असावा. तो कोणत्याहि पक्षाच्या सरकारकडे सारख्याच शब्दांत जावा.

दुसरें काम सभासदांचें. खत, औषध, ठिबकचे भाग व यंत्रांची दुरुस्ती यांच्या वर्षभरांतील पावत्या एका पाकिटांत ठेवाव्या, पक्क्या पावतीवांचून माल घेऊं नये, आणि त्यांतील कराच्या रकमेची बेरीज पीकवार संस्थेच्या कचेरींत कळवावी. ज्यांच्या विहिरी आहेत त्यांनीं दिवाळीनंतर एकदां व चैत्रांत एकदां दोरीस धोंडा बांधून पाण्याची पातळी मोजावी. विहिरीची किंवा बोअरची खोली, मोटरची अश्वशक्ति आणि भिजणारें क्षेत्र हीं त्यासोबत लिहावीं. नांवें बाहेर जाणार नाहींत. गांवाची एकत्र बेरीजच तेवढी वापरली जाईल. यासाठीं लागणारा छापील तक्ता पुढील अंकासोबत पाठवूं. तालुक्यांतील निदान शंभर विहिरींचे आंकडे पाडव्याच्या आंत जमले तर पावसाळी अधिवेशनापूर्वीं उपकराविषयींचा अर्ज लिहितां येईल.